गावच्या मातीच्या धरणावर लक्ष कसं ठेवायचं: खान्देशातल्या नव्या माणसांसाठी

पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीचे, म्हणजे नदीचं पाणी अडवून गावाने मिळून शेतीला वाटून घ्यायचे, बंधारे काही शतकांपासून उभे आहेत. पावसाळ्यात नदी त्यांच्या डोक्यावरून वाहते आणि त्यांना काही होत नाही, कारण ते दगडाचे आहेत आणि त्यासाठीच बांधलेले आहेत. आपल्या माणसांच्या नजरेला हेच चित्र सवयीचं. म्हणून नाल्यावरच्या मातीच्या धरणाकडेही आपण तसंच बघतो. "धरण भरलं, वरून चाललं" अशी बातमी गावात आनंदाने फिरते. हे पाणी सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जायला मुद्दाम ठेवलेल्या वाटेवरून, चाललं असेल तर आनंद खरा आहे. भरावाच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, माथ्यावरून चाललं असेल तर हाती फार थोडा वेळ उरलेला असतो. माथ्यावरून पडणारं पाणी खालच्या उताराची माती खात खात मागे सरकतं आणि बघता बघता भगदाड पडतं.

हा लेख पाणी वापर संस्थेत नुकत्याच आलेल्या सभासदांसाठी, ग्रामपंचायतीत पहिल्यांदा निवडून आलेल्यांसाठी आणि धरणाखाली ज्यांचं वावर किंवा घर आहे त्या सगळ्यांसाठी आहे. इथे मी लघुसिंचन तलाव, पाझर तलाव, गावतलाव अशा लहान मातीच्या बांधांबद्दल बोलतो आहे. यातले कितीतरी १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर उभे राहिले. म्हणजे त्यांचं वय आता पन्नाशीच्या आसपास आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना लांबी, साठा वगैरे अटींवर. गावोगावचे बहुतेक तलाव या कक्षेबाहेर राहतात. त्यांच्याकडे वर्षातून दोनदा कुणी अधिकारी येऊन बघेलच असं नाही. गावाने बघितलं तरच ते बघितलं जातं.

पहिलं काम: धरण कुणाचं आणि कसं, हे शोधा

साधारण हिशेब असा. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे, त्याच्या वरचा ६०० हेक्टरपर्यंतचा राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे, त्याहून मोठा जलसंपदा विभागाकडे म्हणजे आपल्या भागात तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे. तालुक्याच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन आपल्या धरणाचा शाखा अभियंता कोण हे विचारून घ्या आणि त्याचा मोबाइल नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. त्याच भेटीत धरणाचा नकाशा आणि आडवा छेद यांची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. भरावाची उंची आणि लांबी, पूर्ण संचय पातळी (धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी), माथ्याची पातळी, सांडव्याची रुंदी, पाणलोट क्षेत्र किती चौरस किलोमीटर, ही माहिती हातात असली पाहिजे. जुन्या कामांचे कागद कधीकधी सापडत नाहीत. मग सांडव्याची रुंदी टेपने मोजा आणि माथा सांडव्यापेक्षा किती उंच आहे ते पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लेव्हल काढतो तसं काढा. दोघांना एका सकाळीत होणारं काम आहे.

काही शब्द आधीच नीट समजून घ्या, म्हणजे अभियंत्याशी बोलताना अडणार नाही. प्रवाह जिकडे जातो तिकडे तोंड करून उभे राहिलात की डाव्या हाताला डावा तीर, उजव्या हाताला उजवा. भरावाच्या आत चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, त्यालाच हार्टिंग म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण, ते केसिंग. गाभ्याखाली जमिनीत खोदून काळ्या मातीने भरलेला खंदक, तो कट-ऑफ ट्रेंच. पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी दगडांचा ढीग दिसतो तो रॉक टो. भरावातून झिरपलेलं पाणी माती न आणता बाहेर यावं यासाठी तो असतो. तिथले दगड कंपाउंडसाठी उचलून नेलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहेत. नेणाऱ्याला तो ढीग उरलेल्या दगडांचा वाटतो. प्रत्यक्षात तो धरणाचा चालू अवयव आहे.

आपली जमीन कोणती, त्यावर दुखणं ठरतं

सगळ्या खान्देशाला एक माप चालत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावल-चोपड्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत, जमिनीत खोलवर गोटे, वाळू आणि रेती आहे. पाणी मुरवायला हा पट्टा उत्तम, पण धरणाचा पाया म्हणून अवघड. तिथे गळती भरावातून न दिसता भरावाखालून जाते आणि पायथ्यापासून बऱ्याच पुढे, नाल्याच्या पात्रात वर येते. म्हणून तिथे पाहणी पायथ्याशी संपवू नका, नाल्याने निदान शंभर मीटर खाली चालत जा. साक्री-नंदुरबारकडे बेसॉल्टमध्ये डाईक म्हणजे काळ्या दगडाच्या उभ्या भिंती ठिकठिकाणी आडव्या गेल्या आहेत. काही पाणी अडवतात, काहींच्या कडेचा खडक तडकलेला असल्याने पाणी त्या कडेने वाट काढतं. भरावाचं टोक अशा डाईकला टेकलं असेल तर तो कोपरा दरवेळी बघायचा. चाळीसगाव, पाचोरा, जामनेरच्या बाजूला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर जवळ आहेत आणि पाणी फार झपाट्याने उतरतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांनी किती थोड्या वेळात शहरात पाणी शिरवलं ते लोकांनी पाहिलं आहे. अशा ठिकाणी सगळ्यात जास्त लक्ष सांडव्याकडे द्यायचं.

आणि तापीकाठची काळी माती सगळीकडे आहेच. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आत गाभ्यात असेल तर ती पाणी अडवते, पण माथ्यावर उघडी पडली की तीच भेगाळते.

आखाजीनंतरची पाहणी

वर्षातली मोठी पाहणी आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) आणि रोहिणी निघायच्या आधी करा. धरणात पाणी कमी असतं, गवत वाळलेलं असतं, सगळं उघडं दिसतं. आणि काही सापडलं तर मृगाआधी दुरुस्तीला थोडे दिवस मिळतात. निदान तिघे जा. डाव्या तीरापासून दर ३० मीटरवर एका दगडाला चुना मारून तिथवरचं अंतर मीटरमध्ये लिहा. अभियंते याला साखळी म्हणतात. "आंब्याच्या झाडाजवळ ओल आहे" असं लिहिलेलं पुढच्या वर्षी कुणाला कळत नाही. "साखळी १२०, पायथ्यापासून २ मीटर वर" असं लिहिलेलं कळतं.

चार फेऱ्या मारा: माथ्यावरून, पाण्याच्या बाजूने, कोरड्या उताराच्या मध्यावरून आणि पायथ्याने. एकाच फेरीत सगळं दिसत नाही.

माथ्यावर डोळा खाली आणून लांबवर बघा. रेषा सरळ असायला हवी. कुठे पोक आलं, कुठे खचलं, कुठे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी खोलगट झालं, ते लिहा. पुरात पाणी सर्वांत आधी याच खोलगट जागेवरून जाणार आहे. मग भेगा. भरावाच्या लांबीने जाणारी भेग आणि आडवी भेग यांत मोठा फरक आहे. आडवी भेग, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी, ही पाण्याला सरळ वाट देते. ती बोटभर असली तरी त्याच दिवशी कळवा. लांबीने जाणारी भेग बऱ्याचदा नुसती वाळल्याने पडते. पण ती कमानीसारखी वळली असेल आणि तिची एक कड दुसरीपेक्षा खाली बसली असेल, तर तो उतार घसरायला लागल्याची खूण आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोका, खुंटीपासून खुंटीपर्यंतचं अंतर मोजून लिहा, आठवड्याने परत मोजा. भेग किती खोल आहे ते बघायचं असेल तर तिच्यात चुन्याचं पाणी ओतून बाजूने छोटा खड्डा घेतात. पांढरी रेघ जिथे संपते तिथे भेग संपते. हे अभियंत्याच्या समोर करा. भेगेत सिमेंटचं पाणी ओतून वरून लिंपू नका, त्याने भेग फक्त नजरेआड होते.

कोरड्या उतारावर मे महिन्यात हिरवं काय आहे ते बघा. सगळं शिवार पिवळं पडलेलं असताना जिथे लव्हाळा, पाणकणीस किंवा बेशरमची झुडपं तजेलदार उभी आहेत, तिथे खाली ओल आहे. ही हिरवळ पायथ्याशी असेल तर नोंद पुरते. उताराच्या मध्यावर किंवा वर असेल तर काळजीचं, कारण तिथवर पाणी चढलंय याचा अर्थ भराव आतून बराच वर भिजलेला आहे.

झाडं. वेडी बाभूळ, सुबाभूळ, निंब भरावावर आपोआप उगवतात आणि सावली देतात म्हणून कुणी तोडत नाही. त्यांची मुळं ओलीच्या मागे गाभ्यापर्यंत जातात. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्याची पोकळ नळी आत राहते. बोटाएवढं रोप असेल तोवर मुळासकट उपटून टाका, दर वर्षी. मांडीएवढ्या खोडाचं झाड मात्र स्वतः जेसीबीने उपटू नका. त्याच्या मुळांबरोबर भरावाचा मोठा लचका बाहेर येतो. ते विभागाला लेखी कळवा, कारण तिथे बुंधा काढून खड्डा थर देत भरावा लागतो. गवत ठेवायचंच. हराळीसारखं आखूड गवत उताराची माती धरून ठेवतं.

घुशी, उंदीर, सायाळ आणि पाण्याच्या बाजूला खेकडे भरावात बिळं करतात. बिळात दगड किंवा काटे कोंबून तोंड बुजवणं ही नेहमीची पद्धत, आणि ती चुकीची आहे, कारण आतली पोकळी तशीच राहते. बीळ शेवटपर्यंत खोदून मोकळं करा. तशीच माती घ्या, मूठ वळेल एवढी ओली करा आणि १५ सेंटीमीटरच्या थरांनी धुमसाने ठोकत भरा.

माणसांनी केलेले घाव

माझ्या मते लहान धरणांना घुशींपेक्षा माणसांचा उपद्रव जास्त आहे आणि गावाच्या बैठकीत बोलायला अवघड विषयही हाच. पाच गोष्टी बघा.

कुणी भराव खोदून पाइपलाइन नेली आहे का? केळीला किंवा कपाशीला पाणी न्यायचं, रात्रीतून जेसीबीने चर मारायची, पाइप टाकायचा, माती ढकलायची. ती माती दाबलेली नसते. पाइपाच्या कडेने पाणी वाट काढतं आणि माती वाहून नेऊ लागतं. पाइप भरावातून कधीही जाऊ द्यायचा नाही. न्यायचाच तर विभागाच्या परवानगीने, भरावाच्या टोकाबाहेरून.

पायथ्याशी नवी विहीर? धरणाखालची विहीर बारमाही म्हणून तिचा मोह असतो. पण पायथ्यालगत खोल विहीर घेतली की पाण्याला बाहेर यायला जवळचा रस्ता मिळतो आणि त्यात सुरुंग लावले तर खडकही खिळखिळा होतो.

रस्त्यासाठी पायथ्याचा मुरूम काढलाय का? पायथा हा उताराचा आधार आहे. तो कापला की वरचा उतार बसतो.

गाळ काढताना पोकलेन भरावाच्या किती जवळ गेला? २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे गाळ काढण्याचं काम वाढलं आणि ते चांगलंच आहे. पण पाण्याच्या बाजूने भरावाला लागून साचलेला गाळ पायातली गळती रोखत असतो. तो काढून खालची रेती उघडी केली की पाणी टिकण्याऐवजी पळतं, शिवाय वरच्या उताराचा पायथाही मोकळा होतो. भरावापासून किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून आखून घ्या, फक्की मारा, आणि पोकलेनचा चालक बदलला की नव्या चालकाला ती रेघ पुन्हा दाखवा.

पाचवी गोष्ट सांडव्याची. तिला वेगळी जागा द्यावी लागेल.

सांडवा

मातीची धरणं फुटतात ती बहुतेक दोन कारणांनी: पाणी माथ्यावरून गेल्याने किंवा आतून माती वाहून गेल्याने. पहिल्या कारणावर गावाच्या हातात असलेला उपाय एकच, सांडवा मोकळा ठेवणं.

हिशेब करून बघू. तुमच्या धरणाचं पाणलोट ५ चौरस किलोमीटर आहे आणि तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे ५ लाख घनमीटर पाणी. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं निम्मं तरी नाल्याला येईल. हे अडीच लाख घनमीटर तीन तासांत आलं असं धरलं तर दर सेकंदाला सरासरी २३ घनमीटर, आणि पूर ऐन भरात असताना त्याहून बरंच जास्त. सांडवा २० मीटर रुंद असेल तर नुसतं हे सरासरी पाणी जायला त्यावरून साधारण ८० सेंटीमीटरची धार लागते. आता कुणी "आणखी दोन फूट पाणी साठेल" म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचल्या, तर ती ८० सेंटीमीटरची धार गोण्यांच्याही वरून जाणार. म्हणजे धरणातलं पाणी सांडव्याच्या मूळ उंबऱ्यापासून जवळजवळ दीड मीटर चढणार. माथा सांडव्यापेक्षा दीड मीटरच उंच असेल तर पाणी माथ्याला टेकलं. त्यात माथ्यावरची चाकोरी धरा, वाऱ्याच्या लाटा धरा.

म्हणून गोण्या, दगड, पत्रे, काहीही रचू द्यायचं नाही. मासे अडवायला सांडव्याला आडवी जाळी बांधतात. पुरात तिच्यात झुडपं, ओंडके अडकतात आणि जाळीची भिंत होते. जाळी लावणाऱ्यांशी पावसाळ्याआधी बसून बोला, मासेमारीच्या ठेक्याच्या कागदातच ही अट घाला. सांडव्याच्या पुढचा चर, पुच्छ कालवा म्हणतात तो, कुणाच्या वावरात नांगरून सपाट झाला असेल तर तोही मोकळा करून घ्यावा लागेल. नाहीतर सांडव्यावरून उतरलेलं पाणी वळून भरावाच्याच पायथ्याला धुतं.

सांडव्याने पाणी पुरतं नेलं नाही की काय होतं याचं सर्वांत भीषण उदाहरण शेजारच्या गुजरातेतलं आहे. ११ ऑगस्ट १९७९ ला मोरबीजवळच्या मच्छू-२ धरणात सांडव्याच्या क्षमतेच्या कितीतरी पट पूर आला, पाणी दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावांवरून गेलं, भराव वाहून गेले आणि खालच्या शहरात हजारो माणसं मेली.

पाणी सोडण्याची जागा

भरावाखालून कालव्याकडे जाणारी नळी आणि तिचं गेट हा मातीच्या धरणाचा सर्वांत नाजूक सांधा. माती आणि काँक्रीट एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि पाणी त्या फटीने जाऊ पाहतं. पानशेतला १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, त्याआधी अर्धवट राहिलेल्या, पाणी सोडायच्या नळीवरचाच भराव खचत गेला होता. तुमच्या धरणावर गेट पूर्ण बंद करून नळीच्या तोंडाशी उभे राहा. पाणी नळीच्या आतून येत असेल तर गेट गळतं, ती दुरुस्ती सोपी. नळीच्या बाहेरून, काँक्रीटच्या कडेने येत असेल तर ते गंभीर. त्याच रेषेत वर माथ्यावर किंवा उतारावर खळगा पडला आहे का, तेही बघा.

गेटला दर उन्हाळ्यात ग्रीस द्या आणि पूर्ण उघडून-बंद करून बघा. संकटात पाणी कमी करायचं हेच एक साधन असतं आणि गंजलेलं गेट नेमकं तेव्हाच हलत नाही. गेटच्या विहिरीत मात्र कुणी उतरू नये. एरवी पाणी सोडताना घाई नको. भिजलेल्या भरावासमोरचं पाणी एकदम उतरलं तर पाण्याकडचा उतार घसरून खाली बसतो.

पावसाळ्यातली नोंदवही

दोनशे पानी वही पुरते. जूनपासून आठवड्यातून एकदा, धरण पूर्ण भरल्यावर रोज, आणि ६५ मिलिमीटरच्या वर म्हणजे अतिवृष्टी झाली की लगेच, पाहणी करून लिहायचं: तारीख, वेळ, पातळी, पाऊस, गळती किती, गळतीचा रंग, नवीन काय दिसलं. पातळीसाठी पक्क्या खांबावर रंगाने सेंटीमीटरची पट्टी आखून घ्या. फोटो दरवेळी त्याच दगडावर उभं राहून काढा.

गळती बघून घाबरू नका. मातीचं धरण झिरपतंच. विचार करायचे प्रश्न दोन: ती माती आणते का आणि ती वाढते का. पहिल्यासाठी स्वच्छ पारदर्शक बाटली गळतीच्या पाण्याने भरा, तारीख लिहा आणि घरी रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाला मातीचा थर दिसला तर धरण आतून पोखरलं जात आहे. गढूळ दिसणारं पाणी तर उघडच आहे, पण वरवर नितळ वाटणाऱ्या पाण्यातही बाटलीच्या तळाला गाळ बसलेला सापडतो.

दुसऱ्यासाठी पायथ्याच्या चरीचं पाणी एका तोंडावर गोळा करून तिथे तोटी बसवा. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले ते मोजा. वीस सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. पाणी जास्त असेल तर विभागाकडून व्ही नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची इंग्रजी V आकाराची खाच असलेली पाटी, बसवून घ्या. ती वाचताना एक लक्षात ठेवा: खाचेतली पाण्याची उंची दुप्पट दिसली तर गळती साडेपाच पटींहून जास्त झालेली असते.

तुलना नेहमी सारख्या पातळीला करा. धरण भरेल तशी गळती वाढते, त्यात नवल नाही. पण गेल्या वर्षी पट्टीवर ३ मीटर असताना बादली वीस सेकंदांत भरत होती आणि या वर्षी त्याच ३ मीटरला बारा सेकंदांत भरली, तर अभियंत्याला वही दाखवायची वेळ आली. गळती एकाएकी घटली तरी कळवा. कधी निचऱ्याची वाट तुंबते आणि पाणी आत साचून दुसरीकडे फुटायला बघतं. तोंडी तक्रारीपेक्षा अशा आकड्यांच्या तीन ओळींना कार्यालयात जास्त वजन मिळतं, हा माझा अनुभव आहे.

वही कुणी लिहायची हे पहिल्याच बैठकीत ठरवा. फडात पाटकरी आणि जागल्या नेमलेले असत, त्यांना त्याचा मोबदला मिळे. आपणही पाणीपट्टीतून थोडी रक्कम बाजूला काढून माणूस नेमावा. धरणाखालीच ज्यांचं वावर आहे अशा एखाद्या आबांना किंवा काकूंना विचारा; ते तसेही रोज तिथून जातात आणि सगळ्यात आधी पाणी त्यांच्याच घरात शिरणार असतं.

धोका दिसला तर, त्याच तासात

पुढचं काहीही दिसलं तर उद्याची वाट बघायची नाही: गळती एकाएकी गढूळ झाली, पायथ्याशी पाणी उकळल्यासारखं वर येतंय आणि भोवती मातीचं कडं जमतंय, साठ्यात भरावाजवळ भोवरा दिसतो, माथ्यावर खळगा पडला, उताराचा तुकडा सरकला, पाणी माथ्याच्या अर्ध्या मीटरच्या आत आलं आणि पाऊस सुरूच आहे.

आधी माणसं, मग धरण. पोलीस पाटील, सरपंच, तलाठी, शाखा अभियंता, तहसीलदार यांना फोन. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि पोलिसांसाठी ११२. देवळाच्या भोंग्यावरून सांगा. नाल्याकाठच्या वस्त्या, झोपड्या, वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीची कुटुंबं, मेंढपाळांचे वाडे, यांच्याकडे माणूस पाठवा, कारण यांचे नंबर कुणाकडे नसतात. खालच्या गावांनाही कळवा. फरशीवर, पुलावर बघ्यांना उभं राहू देऊ नका. कोणत्या गल्लीने कोणत्या उंच जागेवर जायचं हे जूनमध्येच ठरलेलं असलं पाहिजे आणि ते एकदा रात्री चालून बघितलेलं असलं पाहिजे. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं आणि २० हून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावाने आधी केलेली होती. तक्रार कागदावर असली तरी रात्री वस्ती हलवायचं ठिकाण आणि माणूस ठरलेला हवा.

माणसं हलली, अभियंत्याशी बोलणं झालं आणि जागा सुरक्षित वाटली तरच पुढचं. गेट उघडा. माथ्यावरच्या खोलगट जागी अर्ध्या भरलेल्या मातीच्या गोण्या विटांसारखे सांधे मोडून रचा. सांडव्यावर मात्र एकही नाही. गळतीचं तोंड काळी माती किंवा प्लास्टिक लावून कोंबू नका. पाणी आत दाबलं जातं आणि दुसरीकडून जोराने फुटतं. तिथे उलटी गाळणी करतात: आधी जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वर दगड. पाणी येत राहतं, माती अडते. उकळी फुटली असेल तर तिच्याभोवती गोण्यांचं कडं करून आत पाणी थोडं चढू द्या, म्हणजे खालच्या पाण्याचा जोर कमी होतो. यासाठी दोन-तीन ट्रॉली वाळू, तेवढीच खडी आणि शंभरेक रिकाम्या गोण्या जूनमध्येच धरणाजवळ, पाणी लागणार नाही अशा जागी आणून ठेवा. पावसात वाळूचा ट्रॅक्टर चिखलातून वर येत नाही.

भराव कापून पाणी काढून द्यायची कल्पना अशा वेळी कुणीतरी मांडतंच. गावाने ते कधीही करायचं नाही. कापलेली वाट पाणी स्वतःच रुंद करत नेतं आणि मग ते कुणाच्या हातात राहत नाही.

रात्रीच्या पहाऱ्यावर दोघांपेक्षा कमी माणसं नकोत. बॅटरी, काठी, गमबूट घ्या, गवतात घोणस असते. माथ्यावर पाणी आलं असेल तर त्यावर पाय ठेवायचा नाही.

पावसाळ्यानंतर

दसऱ्याच्या आसपास, धरण भरलेलं असताना, दुसरी मोठी पाहणी करा. आखाजीची पाहणी भेगा आणि बिळं दाखवते, ही गळती दाखवते. दोन्हींची यादी एकत्र करून, साखळी क्रमांक, फोटो आणि बादलीचे आकडे जोडून, ग्रामसभेचा ठराव घ्या आणि दिवाळीच्या आत विभागाला द्या. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत महिने जातात. ठराव जानेवारीत गेला तर काम पुढच्या उन्हाळ्यावर जातं. पोच शिक्क्यासह घ्या आणि वहीच्या शेवटच्या पानाला डकवून ठेवा. गावाने करायची कामं, म्हणजे रोपं उपटणं, बिळं भरणं, सांडव्याचा चर साफ करणं, गेटला ग्रीस, ही मंजुरीसाठी थांबवू नका. ती श्रमदानातून किंवा पाणीपट्टीच्या पैशातून त्याच हिवाळ्यात उरकतात. भेगा, घसरलेला उतार, नळीच्या कडेची गळती आणि मोठी झाडं यांना मात्र अभियंता आल्याशिवाय हात लावायचा नाही.